सहा इंची लेन्स आणि अख्खे अण्णा

“लेन्स बसली, चाचा. आता काय राहिलं?”

दस्तगीरचाचांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली.

“कशावर बसली?”

“कॅमेऱ्यावर.”

“आणि?”

“आणि काय? आटे जुळले, रिंग आवळली, कुठं हलत नाही, कुठून उजेड गळत नाही. बसली म्हणजे बसली.”

“बरं…” चाचा म्हणाले, आणि चहा प्यायले.

हे ‘बरं’ अभिनंदन मगदूम गेले अकरा महिने ऐकत होता. दर रविवारी जयसिंगपूरहून मोटारसायकलवर कुरुंदवाडला यायचं, चाचांच्या ओसरीवर बसायचं, आणि संध्याकाळी हे एक ‘बरं’ घेऊन परत जायचं. माणूस लहानसहान नव्हता. लग्नाचे फोटो काढण्यात पंचक्रोशीत त्याचं नाव. घरात सात कॅमेरे, वर उडणारा एक. पण एकदा चाचांचा जुना लाकडी कॅमेरा त्यानं पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. ट्रंकेएवढा कॅमेरा, मध्ये चामड्याचा भाता, मागं दुधी काच. काळ्या कपड्यात डोकं घातलं की काचेवर सगळं गाव उलटं लटकलेलं दिसायचं.

“शिकवा,” तो म्हणाला होता.

चाचांनी पहिले दोन महिने काळ्या कपड्याची घडी घालायला शिकवलं. पुढचे तीन महिने भात्याची धूळ पुसायला. अभिनंदनला वाटलं, म्हातारं परीक्षा बघतंय. म्हाताऱ्याचं म्हणणं असं की धूळच फार बसते.

आणि ही लेन्स…

ही लेन्स त्याला बेळगावात एका भंगारवाल्याकडे मिळाली होती. स्टोव्हचे बर्नर आणि मोडके नळ यांच्या ढिगात एक पितळी डबी, आवळ्याएवढी. घासून बघतो तर आत काच! सहा इंची, म्हणजे सहा इंचांवर चित्र पाडणारी, रुंद बघणारी, ऐंशी वर्षांपूर्वीची. साध्या लेन्समध्ये दारातली म्हैस मावते, हिच्यात गोठा, म्हैस, धार काढणारा आणि शेजाऱ्याचं कुंपणही मावेल. पण कॅमेऱ्यावर आवळून बसवायची रिंगच तिच्याबरोबर नव्हती.

रिंगेसाठी तो इचलकरंजीत एका लेथवाल्याकडे तीनदा गेला. पहिल्या रिंगेचे आटे जाड निघाले, दुसरीचे उलटे. तिसरी बसली. मग लेन्ससाठी सागवानी फळीला भोक पाडायला घेतलं. चाचा समोर बसून बघत होते. भोक पाव इंच मोठं झालं आणि लेन्स त्यातून आरपार खाली पडली. नशीब, खाली पोतं होतं.

“तुम्ही बघत होता ना? सांगायचं तरी!”

“तू विचारलंस कुठं?”

दुसरी फळी बरोबर झाली. म्हणून तर आज त्याची मान एवढी ताठ होती. आणि ताठ मानेचं आणखी एक कारण होतं. त्यानं चारचौघांत शब्द दिला होता.

शब्द धोंडीरामअण्णांना दिला होता. ते सांगायला हवं.

गावात गुलशन ब्रास बँड म्हणून बँड आहे. माणसं एकतीस. दरवर्षी तुळशीचं लग्न लागलं, की सुपाऱ्या सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो काढायचा, आणि तोही सरावाच्या खोलीच्या दारातच. त्या दारावर बँड काढणाऱ्या वस्तादांची क्लॅरिनेट टांगलेली आहे. तिच्याखाली उभं राहिल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही, असं त्यांच्यात आहे. दार झकास, पण समोरचं अंगण म्हणजे बोळ. चार ढांगा टाकल्या की शेजाऱ्याची भिंत. कॅमेरा भिंतीला चिकटवला तरी चाचांच्या जुन्या लेन्समध्ये पंचवीसच माणसं मावायची. कडेची माणसं कापली जायची.

मग कापून कोण घेणार? त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. यंदा ज्याची चिठ्ठी निघाली त्याला पुढल्या वर्षी मध्ये जागा. सगळं न्यायानं चाललेलं.

धोंडीरामअण्णांची चिठ्ठी मात्र कधी टाकलीच नाही. कारण त्यांच्या गळ्यात मोठा ढोल. तो मध्ये आणला की तीन माणसं झाकायचा. म्हणून ढोल कायम डाव्या कडेला. अडतीस वर्षांचे अडतीस फोटो खोलीत ओळीनं लावलेले आहेत, बघून या. प्रत्येकात ढोल आहे. ढोलामागं एक कोपर आहे, आणि एक कान. अण्णांची नातवंडं पाहुण्यांना दाखवायची, “ह्यो कान आमच्या आज्ज्याचा.”

यंदा डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, छातीवर ढोल बास. त्यामुळं पट्टा पुतण्याच्या गळ्यात जायचा होता. तेवढा हा फोटो झाला की मग.

आणि अभिनंदन बोलून बसला, “अण्णा, यंदा तुम्ही अख्खे. दोन्ही कान!”

“खरं म्हणतोस?”

“माझी लेन्स बघाच तुम्ही.”

बँडमास्तर म्हणाले, मोबाईलवर पसरट फोटो येतोय की. तर अण्णांनीच त्यांना गप्प केलं. “त्या भिंतीवर मोबाईलचा फोटो लावणार? वस्ताद खाली उतरतील.”

एकच अडचण होती. या कॅमेऱ्याची फिल्म वहीच्या पानाएवढी, मागवल्यावर महिन्याने येते. लेन्स तपासायच्या नादात अभिनंदननं सगळ्या उडवल्या होत्या. उरली होती एक.

“एक पुरे,” तो म्हणाला.

“बरं…” चाचा म्हणाले.

फोटोच्या दिवशी सकाळी दहाला सगळा बँड दारात उभा होता. लाल कोट, सोनेरी गोंडे, पायात काळे बूट. अण्णा डाव्या कडेला, आणि ते जागा सोडून आणखी बाहेर सरकत होते. अडतीस वर्षांची सवय. अभिनंदननं त्यांना धरून आत आणलं.

चाचा उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. त्यांच्या हातात कुणीतरी चहा दिला. चाचा जिथं बसतात तिथं चहा कुठून येतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढला. आता या कॅमेऱ्याची तऱ्हा अशी की त्याला दोन चौकटी. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत दुधी काच, दोन्हींच्या मध्ये भाता. दोन्ही चौकटी खालच्या लांब लाकडी पाटावरून पुढंमागं सरकतात. मोठ्या लेन्सला त्या लांब लागतात. ही लेन्स सहा इंची, हिला चौकटी अगदी जवळ हव्यात. अभिनंदननं पुढची चौकट स्वतःकडं ओढली, भाता दाबून दाबून पापडासारखा केला आणि पेच आवळला.

“पुढची मागं घेतलीस?” चाचांनी विचारलं.

“घ्यावीच लागते, चाचा. लेन्स काचेजवळ नको का यायला? मी सगळं वाचलंय.”

“बरं…”

अभिनंदन काळ्या कपड्यात शिरला.

या लेन्सचं भोक बारीक, त्यामुळं काचेवर उजेड म्हणजे कंदिलाची वात खाली केल्यासारखा. पण डोळे सरावले आणि त्याचं काळीज उडालं. दार! क्लॅरिनेट! एकतीस माणसं, वटवाघळांसारखी खाली डोकं वर पाय! आणि कडेला ढोल, आणि ढोलामागं धोंडीरामअण्णा, दोन्ही खांदे, दोन्ही कान…

आणि काचेच्या वरच्या अंगाला आडवी एक काळी पट्टी.

त्यानं डोळे चोळले. पट्टी तिथंच. धुरकट, जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता नवखा असता तर वर आभाळात बघत बसला असता. अभिनंदन अकरा महिन्यांचा मुरलेला. त्याला पक्कं ठाऊक की काचेवर वर दिसतं ते खरं खाली असतं.

कपड्यातून डोकं काढून तो म्हणाला, “खाली काहीतरी काळं येतंय. सतरंजी काढा.”

सतरंजी निघाली. पट्टी राहिली.

“जमीन ओली आहे. झाडून घ्या, कोरडी माती टाका.”

मास्तरांनी स्वतः झाडलं. कोरडी माती पडली. दोन ट्रंपेटवाले शिंकले. पट्टी राहिली.

“बूट! तुमचे बूट काळे आहेत. ओळीनं काळे बूट म्हणजे काळी पट्टीच झाली ना! काढा.”

“बूट काढायचे?”

“सगळ्यांनी.”

एकतीस माणसं बुटांच्या नाड्या सोडायला बसली. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे आणि खाली अनवाणी पाय. पुढच्या रांगेतल्या एकाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, तो दुसऱ्या पायानं ती झाकायला बघत होता.

पट्टी राहिली.

अभिनंदननं कॅमेरा वीतभर डावीकडे घेतला. पट्टी बरोबर आली. तिकाटणं उंच केलं. पट्टी उंच झाली. दुकानदार उधारीवाल्याची पाठ धरत नसेल इतक्या चिकाटीनं ती त्याच्याबरोबर फिरत होती. अंगणात कुजबुज सुरू झाली.

“ल्येन्स भंगारातलीच न्हवं?” मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढं बास झालं. अभिनंदनचे कान तापले. “लेन्समध्ये काही दोष नाही!” तो म्हणाला. मग त्याची नजर अंगणभर फिरली आणि सगळ्यात मोठ्या वस्तूवर थांबली.

“ढोल,” तो म्हणाला. “ढोलाची सावली पडतीये. अण्णा… तुम्ही जरा बाजूला होता का?”

“बाजूला म्हंजे?” अण्णा म्हणाले.

“म्हणजे… फ्रेमच्या बाहेर. थोडा वेळ. बघू तरी.”

अण्णांनी पट्ट्याचं बक्कल सैल केलं, ढोल पोटाशी धरला आणि नळाशेजारच्या दगडावर जाऊन बसले.

“असू दे,” ते म्हणाले. “सवय हाय मला.”

हे ऐकून अभिनंदन पटकन कपड्यात शिरला. बाहेर तोंड दाखवण्यापेक्षा आत बरं होतं.

अण्णा गेले होते. ढोल गेला होता. पट्टी तिथंच होती.

आणि पट्टीवर एक बशी होती.

परातीएवढी बशी! उलटी लटकलेली, तिच्यात चहा, आणि चहा सांडत नाही!

“बशी कुणाची?” कपड्यातून तो ओरडला. “मध्ये बशी कुणी ठेवली? उचला आधी ती!”

अंगणात पहिल्यांदा क्लॅरिनेटवाला हसला. मग ट्रंपेटवाले. मग सगळा बँडच.

“उचला म्हणतोय ना!”

कुणी उचलेना. तो तिरमिरीत बाहेर आला आणि समोर जमिनीवर शोधू लागला. बशी जमिनीवर नव्हती. लेन्सच्या नाकासमोर, हातभर पुढं निघालेल्या कॅमेऱ्याच्याच पाटाच्या टोकावर चाचांनी चहाची बशी ठेवली होती. शेजारी चाचा उभे. बादली रिकामी.

चौकट मागं ओढली होती. पाट मात्र होता तिथंच, पुढं, लेन्सच्या खाली. एवढं रुंद बघणारी लेन्स, तिनं अंगण बघितलं, दार बघितलं, एकतीस माणसं बघितली आणि सगळ्यांच्या आधी आपल्याच कॅमेऱ्याची फळी बघितली.

“चाचा… हा पाट…”

“हां.”

“हा तर आपलाच…”

“माझा. कॅमेरा माझा हाय.”

अभिनंदन अनवाणी एकतीस… नव्हे, तीस माणसांकडं बघू शकेना.

“तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?”

“सकाळपासनं कसलं?” चाचांनी बशी उचलली, घोट घेतला. “चाळीस वर्सं झाली. मिरजेच्या एका साहेबाची असली ल्येन्स मागून आणलेली मी, लग्नासाठी. खाली काळं दिसतंय. म्हटलं, नवऱ्याचं पाय झाकत्यात. नवऱ्याला स्टुलावर उभा केला.”

“मग?”

“मग नवरी बुटकी दिसाय लागली. तिला पण स्टूल. मग सासऱ्याला राग आला, तो का खाली? त्याला पण स्टूल. गावात स्टुलं राहिली न्हाईत.”

“आणि कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण सांगणार? फोटो धुतला तवा दिसलं. सगळं खानदान स्टुलावर, आणि खाली पट्टी तशीच.”

बँड पुन्हा हसला. या वेळी अभिनंदनही हसला, पण लगेच थांबला.

“म्हणजे मलाही धुतल्यावरच कळू देणार होतात तुम्ही?”

“तुझ्याकडं फिल्म एक हाय,” चाचा म्हणाले. “आणि त्यो…” त्यांनी नळाकडं मान केली. “त्यो पण एकच हाय.”

अभिनंदन नळाकडं गेला. अण्णा ढोलावर हनुवटी टेकून बसले होते. त्यानं ढोल उचलला, पट्टा अण्णांच्या गळ्यात घातला, बक्कल लावलं. ढोल भलताच जड निघाला.

“चुकलं, अण्णा. सावली तुमची नव्हती. माझीच लाकडं मध्ये आली होती.”

“ते असू दे. मी दिसतोय का न्हाई ते सांग.”

“दोन मिनिटं द्या.”

आता सोपं होतं. पुढची चौकट मागं घेण्याऐवजी मागची पुढं न्यायची. अभिनंदननं पेच सैल केले, दोन्ही चौकटी पाटाच्या पुढच्या टोकाला नेऊन भिडवल्या. लेन्सपुढं लाकूड उरलं नाही. सगळा पाट मागं निघाला, फोटो काढणाऱ्याच्या अंगावर. मागं शेजाऱ्याची भिंत. अभिनंदन तिरका होऊन मधल्या फटीत शिरला आणि कपडा डोक्यावर घेतला.

पट्टी नव्हती.

“आलात, अण्णा! अख्खे!”

“काय सांगतोस!” अण्णांचा विश्वास बसेना. “बघू दे मला.”

गिऱ्हाइकानं काळ्या कपड्यात शिरायचं नाही, हा चाचांचा जुना दंडक. अभिनंदननं चाचांकडं बघितलं. चाचा बादलीवर जाऊन बसले होते. नको म्हणाले नाहीत.

अण्णांनी ढोल गळ्यातून काढून आपल्या जागेवर उभा केला, पुतण्याला तो धरायला सांगितला, आणि येऊन कपड्यात डोकं घातलं. आतून बराच वेळ नुसतं “आरं तिच्या… आरं तिच्या…” ऐकू आलं. सगळे उलटे लटकलेले बघून ते आधी घाबरले, मग एकेकाला ओळखू लागले. “मास्तर हाईत… शंकऱ्या हाय… आमचा पुतण्या हाय. ढोल हाय…”

“चाचा!” कपडा हलला. “ढोल दिसतोय. समदी दिसत्यात. मीच न्हाई!”

सगळं अंगण खदखदून हसलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चाचा हसले नाहीत.

“मग जा की तिकडं,” ते म्हणाले. “हितं कशाला शोधतोयस?”

अण्णा कपड्यातून बाहेर आले. मग गेले आपल्या जागी, ढोल चढवला, छाती काढली.

फोटो कसा आला ते इथंच सांगून टाकतो, जीव टांगणीला नको. झकास आला. बूट परत घालायची आठवण कुणालाच राहिली नाही, त्यामुळं गुलशन बँड त्या वर्षी लाल कोटात अनवाणी उभा आहे, चिंधीवाला अंगठाही स्पष्ट. धोंडीरामअण्णा डाव्या कडेला अख्खे आहेत, दोन्ही कानांसकट. फक्त ऐन वेळी त्यांनी डोळे मिटले. अभिनंदनला फार वाईट वाटलं. अण्णा म्हणाले, “मिटलेलं का असंनात. हाईत की दोन्ही!”

पण हे नंतरचं. त्या वेळी अजून फोटो निघायचा होता.

अभिनंदननं ती एकुलती फिल्म मागं सरकवली. या लेन्सला खटका नाही. पुढची पितळी टोपी हातानं काढायची, चार आकडे मोजायचे, परत घालायची. टोपी कॅमेऱ्याच्या पुढं, अभिनंदन मागं, आणि बाजूला उभं राहून हात घालायला जागा नाही. एका अंगाला नळ, दुसऱ्या अंगाला भिंतीतून आलेलं उंबराचं खोड. तो कॅमेऱ्यावरून ओणवा झाला आणि हात लांबवला. पाठीला भिंत. पाटाचं टोक बेंबीच्या वर रुतलं. बोटं टोपीला जेमतेम लागली.

एकतीस माणसांनी श्वास धरला.

“चाचा…” त्याच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. “पाट पोटात घुसतोय. फार टोचतंय.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“टोचतंय म्हंजे पाट मागं हाय, आणि तू पण… काढ टोपी.”